बंद चावीचं इंजिन

बिजलीबाई पावरा ऑफिसात आली तेव्हा चुडामणमामा मिरचीची भजी खात बसला होता. तिचं पहिलं वाक्य ऐकून त्यानं ताटली बाजूला सारली ती सारलीच.

"ताई, मना नवराले खुनी म्हनतस."

हेमांगी बोरसेचं हे ऑफिस म्हणजे धुळ्याच्या देवपुरात, पापडवाल्याच्या दुकानावरची एक खोली. आधी ती विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकायची, आता लोकांची भानगडीची कामं स्वतंत्रपणे घ्यायची. चुडामण तिचा सख्खा मामा, एसटीतला निवृत्त कंडक्टर. तिची गाडी चालवायचा आणि सोबतीला असायचा. मनानं सरळ, डोक्यानं जरा सावकाश, आणि घाण काही दिसली की तोंड कडू व्हायचं, मग ती घाण गटारातली असो की माणसातली.

"बसा अक्का," हेमांगी म्हणाली. "पाणी प्या. आणि पहिल्यापासून सांगा."

बिजलीबाईनं सांगितलं ते असं. तिचा नवरा जामसिंग सोनगीरच्या अलीकडे एका खासगी फ्लाइंग क्लबात मेकॅनिक. तिथं जळगावच्या रतिलाल शेठचं दोन माणसांचं लहान विमान उभं असतं. खंडेनवमीला त्या विमानाची पूजा ठेवली होती. हार नीट बसावा म्हणून पुढचा पंखा उभा करायचा होता. क्लबचा तरुण वैमानिक नवीन यानं तो हातानं फिरवला, आणि चावी बंद असताना इंजिन धडाडलं. पंख्यानं नवीनला जागच्या जागी संपवलं.

"चावी बंद होती?" मामानं विचारलं. "मग सुरू कसं झालं?"

"तेच तर! त्या इंजिनाले नवं मशीन मना नवरानी बसाडेल. वायर सुटी सापडनी. म्हनीसन बठ्ठा त्याना माथे." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्या दिवशी तर तो गावले व्हता, ताई. सुट्टी मांगेल बी नव्हती, तरी क्लबना इंजिनेर प्रेमराज साहेबनी दिधी. आते कोठडीमा शे. नवीन सर आमना घर जेवाले येत. तेस्नी माय देवपूरमाच ऱ्हास. मी तिना दारसे गऊ, तर तिनी दार लाई लिधं."

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. पोटच्या पोराबरोबर जेवणारा माणूसच त्याचा मारेकरी, असं त्या आईला सांगून कुणीतरी मोकळं झालं होतं.

कोठडीत जामसिंग गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. फौजदार लोटन अहिरे भला माणूस, त्यानं बोलू दिलं.

"इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं दोन असतात, ताई," जामसिंग म्हणाला. मराठी तो शाळेतल्यासारखं जपून बोलायचा. "एक डावीकडे, एक उजवीकडे. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर विमान उतरावं म्हणून. दोन्ही जुन्या पद्धतीची होती, मॅग्नेटो म्हणतात. आत चुंबक असतं. बॅटरी नसली तरी ठिणगी पडते."

"आणि बंद कसं करतात?"

"त्याची एक वायर चावीपर्यंत जाते. चावी बंद केली की ती वायर इंजिनाच्या अंगाला टेकते आणि ठिणगी मरते. वायर सुटली तर चावी बंद असो की चालू, यंत्र जिवंतच."

"म्हणजे उलटंच," मामा म्हणाला. "वायर तुटली की चालू!"

"जुन्या मोपेडचं तसंच असायचं, मामा," हेमांगी म्हणाली. "पुढे सांगा, जामसिंगभाऊ."

"शेठनी डावीकडचं जुनं काढून तिथं इलेक्ट्रॉनिक बसवायला सांगितलं. ते बॅटरीवर चालतं. बॅटरीपासून सरळ वायर आणली, मध्ये फ्यूज टाकला. बंद करायची वायर जोडली, स्क्रू आवळला. नवीन सर शेजारी उभे होते. चावी बंद करून त्यांनी स्वतः पंखा फिरवून बघितला. एकदम गप्प. आधी डावीकडे आत स्प्रिंग होती, पंखा हळू फिरवला की ती सुटायची, टक वाजायचं. सर हसले, म्हणाले, 'जामसिंग, घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं रे.' सुरूही करून बघितलं. छान चाललं. मी ती वायर सुटी सोडली नाही. पोरांची शपथ."

"उजवीकडचं?"

"ते जुनंच राहिलं. त्याला स्प्रिंग नसते."

"त्याची वायर आम्ही तपासली," फौजदार म्हणाले. "जागच्या जागी आहे. सुटी आहे ती डावीकडची, यानंच बसवलेल्या यंत्राची. मुंबईहून तपासणीला माणूस आला, त्याच्यासमोर इंजिनाचं झाकण उघडलं."

"कधी?"

"अपघातानंतर दोन दिवसांनी. तोपर्यंत शेड कुलपात."

"किल्ली कुणाकडे?"

फौजदारांनी मान खाजवली. "इंजिनिअर साहेबांकडेच होती."

सोनगीरचा किल्ला उजव्या हाताला दिसायला लागला तसा मामानं गाडीचा वेग कमी केला. क्लबच्या फाटकावर पूजेची झेंडूची तोरणं अजून लटकत होती, सुकलेली. एक माणूस मेला आणि तोरणं उतरवायला कुणाला वेळ नाही! मामानं ती ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली.

इंजिनिअर प्रेमराज देवरे पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. त्याच्या सहीशिवाय तिथलं एकही विमान उडायचं नाही. त्यानं चहा मागवला, खुर्च्या पुसून दिल्या, आणि लगेच उसासा टाकला.

"काय सांगू मॅडम. ही रानातली माणसं. कितीही शिकवा, कामाला हात आखडत नाहीत, पण लक्ष म्हणून नाही. वायर लावायची विसरला. आमचा हिरा गेला."

"जामसिंगला सुट्टी तुम्ही दिलीत?"

"सणाला बायकापोरांत जाऊ दे म्हटलं. माणुसकी असते."

"दरवर्षी देता?"

"यंदा दिली," तो हसला. मामाला ते हसणं चहातल्या मुंगीसारखं वाटलं. त्यानं कप खाली ठेवला.

विमान पांढरंशुभ्र, झाकण उघडं. प्रेमराजनं डावीकडे बोट दाखवलं. काळं, बसकं, कोरं करकरीत यंत्र, आणि शेजारी लोंबणारी एक बारीक वायर.

"अगदी स्वच्छ आहे," हेमांगी म्हणाली.

"फोटो झाल्यावर पुसून घेतलं सगळं. रक्त होतं, मॅडम. मीच पुसलं. दुसऱ्या कुणाला धीर होईना."

"जुनं काढलेलं मॅग्नेटो कुठे आहे?"

"असेल स्टोअरात. भंगारच ते," प्रेमराज म्हणाला.

स्टोअरात मामानं फळीवरची फडक्याची गुंडाळी उतरवली. आत एक जड, चंदेरी ॲल्युमिनियमचं यंत्र होतं, मुठीएवढं नाही, चांगलं नारळाएवढं. त्याच्या खाचांवरून बोट फिरवलं तर बोट लालसर झालं.

"गंजलंय," मामा कुरकुरला आणि बोट पायजम्याला पुसलं.

हेमांगीनं यंत्र उजेडात धरलं, फिरवून बघितलं, एका खाचेत नख घातलं. मग फडक्यात गुंडाळलं आणि फौजदारांना फोन लावून म्हणाली, "एक वस्तू जप्त करायला माणूस पाठवा. आत्ता."

दुसऱ्या दिवशी जळगाव. रतिलाल शेठची डाळ मिल, मागे बंगला. शेठ झोपाळ्यावर बसून बोलत होते आणि बोलणं सगळं स्वतःबद्दल.

"माझं किती नुकसान झालं, विचारा. हौसेनं विमान घेतलं. नातवाच्या जावळाला वरून फुलं टाकायची होती. नवीन नाही म्हणाला. इतक्या खाली उडत नाही म्हणे! वैमानिक माझा की मी त्याचा?"

"भांडण झालं होतं तुमचं?"

"झालं. म्हणून काय मी मारलं त्याला? त्या दिवशी तर सगळंच अपशकुनी. सुनंदाला विमानाचे दिवे लावून फोटो हवा होता. दिवेच लागेनात! प्रेमराज म्हणाला, बॅटरी काढून चार्जिंगला लावलीय. अरे, पूजेच्या दिवशी? सकाळीसुद्धा तो जळगावहून उशिरा पोचला. आणि सगळं घडल्यावर माझीच गाडी घेऊन परत जळगावला पळाला. कागदपत्रं आणायची म्हणे. मी हॉस्पिटलच्या बाकावर एकटा."

मामानं झोपाळ्यापासून खुर्ची लांब ओढली. पोराचं प्रेत सिव्हिल हॉस्पिटलात आणि याला गाडी गेल्याचं दुःख.

शेठाणी सुनंदाबाई दाराशी उभ्या होत्या. डोळे सुजलेले. हेमांगी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काकू, पूजा कशी केलीत, सांगाल?"

"मीच केली गं. पंख्याला, चाकाला हळद-कुंकू लावलं. हे म्हणाले, एवढं महागाचं नवीन मशीन आणलंय, त्यालाही लाव. प्रेमराजभाऊ म्हणत होते राहू द्या, ऑइल लागेल हाताला. पण यांनी झाकण उघडायला लावलं. मी डावीकडच्या मशीनला ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. नवीन तेव्हा हार आणायला गेला होता, तो येईपर्यंत भाऊंनी झाकण लावलंसुद्धा. मग हार घालायचा तर पंखा आडवा. मीच म्हणाले, उभा करा." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीच म्हणाले."

"मग?"

"नवीननं ओढला. टक असा आवाज आला, नारळ फुटल्यासारखा. पोरगं थांबलं. मागे वळून बघितलं. म्हणाला, 'असं कसं?' मग म्हणाले ते, ओढ—"

"पुरे सुनंदा!" शेठ झोपाळ्यावरून ओरडले. "त्रास करून घेऊ नकोस."

"एकच, काकू. नारळ कुणी फोडला?"

सुनंदाबाई गोंधळल्या. "नारळ? तो राहूनच गेला गं. ताटात तसाच होता."

परतीच्या वाटेवर मामानं पारोळ्याला गाडी चहासाठी थांबवली. मग म्हणाला, "हेमा, शेठच असणार. इतका नीच माणूस मी पाहिला नाही."

"नीच आहेत, मामा. पण नीचपणात त्यांचा दुसरा नंबर."

तिनं गाडीतूनच जळगावातल्या विमानवाल्यांना दोन-तीन फोन केले.

हेमांगीनं सगळ्यांना क्लबच्या शेडमध्येच बोलावलं. फौजदार अहिरे, शेठ, सुनंदाबाई, प्रेमराज. बिजलीबाई दाराला टेकून उभी राहिली, खुर्ची देऊनही बसली नाही.

"सगळ्यांचं म्हणणं काय?" हेमांगीनं सुरुवात केली. "जामसिंगनं बसवलेल्या नव्या यंत्राची बंद करायची वायर सुटी होती, म्हणून चावी बंद असूनही त्यानं ठिणगी दिली. बरोबर, प्रेमराजभाऊ?"

"सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

"नवं यंत्र कशावर चालतं?"

उत्तर मामानं दिलं, कारण हे त्याला पक्कं कळलं होतं. "बॅटरीवर!"

"आणि पूजेच्या वेळी विमानाचे दिवे लागले नाहीत, कारण बॅटरी काढून ठेवलेली. शेठनीच सांगितलं. बॅटरी नाही, तर नव्या यंत्रात ठिणगी कुठून येणार? वायर सुटी असो की बांधलेली, ते त्या दिवशी मेलेलंच असणार. उजवीकडच्या जुन्याची वायर फौजदारांना जागेवर सापडली. मग नवीनला मारलं कुणी?"

फौजदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काकूंनी टक असा आवाज ऐकला. नारळ फुटल्यासारखा. पण नारळ फुटलाच नव्हता. टक करणारी वस्तू या इंजिनात एकच होती, डावीकडचं जुनं मॅग्नेटो. स्प्रिंगवालं. नवं बसवल्यावर पंखा गप्प झाला, हे नवीननं स्वतः फिरवून बघितलं होतं. म्हणून तर टक ऐकून तो थांबला आणि म्हणाला, असं कसं."

"म्हणजे?" शेठ उठून उभे राहिले.

"म्हणजे तुमची पूजा चालली होती तेव्हा या इंजिनावर नवं यंत्र नव्हतंच. कुणीतरी ते काढून जुनं परत ठोकलं होतं."

"बकवास!" प्रेमराजचा आवाज चिरकला. "आता डोळ्यांसमोर कोणतं आहे?"

"आता नवंच आहे. अपघातानंतर ते पुन्हा बसवलं. शेडची किल्ली दोन दिवस कुणाकडे होती?" तिनं फौजदारांनी सोबत आणलेली गुंडाळी उघडली. चंदेरी यंत्र. "मामा, तुमचं बोट लाल झालं होतं ना?"

"गंज होता."

"ॲल्युमिनियमला लाल गंज कधी चढला, मामा?"

मामानं पायजम्याकडे बघितलं. डाग अजून होता. त्यानं बोट त्यावर घासून हळूच नाकाशी नेलं. हळद-कुंकवाचा वास.

"काकूंनी पूजेच्या दिवशी डावीकडच्या यंत्राला कुंकू लावलं. तेच हे. याच्या खाचेत माझ्या नखाला अक्षतेचा दाणा लागला. तसाच आत ठेवलाय, फौजदारसाहेब, बघून घ्या. स्टोअरातल्या भंगाराची पूजा कोण करतं? हे त्या दिवशी इंजिनावरच होतं. रक्त पुसताना प्रेमराजभाऊंनी हेही पुसलं, पण खाचेत फडकं पोचलं नाही."

सुनंदाबाई पुढे झाल्या, वाकून बघितलं, आणि मागे सरकल्या.

"नवं यंत्र होतं जळगावात," हेमांगी म्हणाली. "तिथल्या एका हौशी विमानवाल्याला दाखवायला, त्यानंच मला फोनवर सांगितलं. त्याच्या इंजिनावर चढवून उडवूनही दाखवलं. त्याला पसंत पडलं असतं तर असं एक विकून मधला वाटा मिळाला असता. शेठचं यंत्र, फुकटची जाहिरात. पण शेठ अचानक पूजेला येतो म्हणाले. नवं उतरवून आणायला वेळ नव्हता, आणि डावीकडे भोक दिसलं असतं. म्हणून जुनं ठोकलं. बंद करायची वायर नव्या यंत्राच्या मापानं कापलेली, ती जुन्याला बसेना. कोण उडवणार आहे, म्हणून तशीच सोडली. जामसिंगनं एका नजरेत ओळखलं असतं. त्याला न मागता सुट्टी. बॅटरी काढली, म्हणजे शेठ हौसेनं चावी फिरवायला गेले तरी इंजिन जागं होणार नाही. फक्त हे विसरलात, की हातानं फिरवायला बॅटरी लागत नाही. नवीन गेल्यावर शेठच्याच गाडीनं जळगावला जाऊन नवं परत आणलंत, बसवलंत, आणि त्याची वायर मुद्दाम सुटी ठेवलीत. जामसिंगच्या नावावर."

प्रेमराज खुर्चीत खचला. "मला मारायचं नव्हतं त्याला. देवाशपथ नव्हतं. मला वाटलं, थंड इंजिन, एकदा हलवल्यानं काय होतंय..."

"मारायचं नव्हतं, हे मी मानते," हेमांगी म्हणाली. "काकू, त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही. नवीन थांबला, मागे वळला. कुणाकडे बघितलं त्यानं?"

सुनंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. "प्रेमराजभाऊंकडे. आणि भाऊ म्हणाले, 'ओढ रे, चावी माझ्या खिशात आहे.'"

मामाच्या तोंडून शब्द सुटले ते त्यानं आवरले नाहीत.

"शी! अरे, तुला माहीत होतं! वायर मोकळी आहे हे सगळ्या शेडमध्ये एकट्या तुला माहीत होतं! पोरगं थांबलं होतं. नुसतं 'थांब' म्हणायचं होतंस. शेठला कळेल म्हणून नाही म्हणालास? थू तुझ्या जिंदगीवर!"

"आणि वर त्या माणसाला रानातला म्हणालास," फौजदार उठत म्हणाले. "चला, साहेब."

शेठनी हेमांगीला बाजूला घेतलं. "मॅडम, एक करा. पेपरात विमानाचा नंबर येऊ देऊ नका. विकायचंय मला ते." हेमांगी गाडीकडे चालायला लागली. मामानं जबाब द्यायला निघालेल्या शेठसाठी उघडलेलं गाडीचं दार पुन्हा लावून घेतलं. शेठना पुढच्या गाडीत पोलिसांशेजारी बसावं लागलं.

जामसिंग सुटला तेव्हा बिजलीबाई त्याच्याकडे धावली नाही. त्याचे दोन्ही हात धरून तिनं उलटसुलट करून बघितले, आणि मग तिथंच रडली.

"गाडीत बसा," मामा म्हणाला. "घरी सोडतो."

"घर नंतर, मामा," जामसिंग म्हणाला. "आधी देवपूरला. नवीन सरांच्या आईकडे. इतके दिवस ती माउली मला शिव्या देतेय. तिला कळायला पाहिजे."

नवीनच्या आईनं, ललिताबाईंनी दार उघडलं. जामसिंगला बघून त्यांचा हात कडीवर घट्ट झाला. हेमांगीनं पुढे होऊन सगळं सांगितलं, थोडक्यात, काही न लपवता. ललिताबाई उभ्यानंच ऐकत होत्या.

"पहिल्यांदा थांबला होता ना तो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याला कळलं होतं काहीतरी चुकतंय?"

"हो, मावशी."

"आणि मोठा माणूस ओढ म्हणाला, म्हणून ओढला." त्यांनी चौकट धरली. "लहानपणापासून मीच सांगत आले गं त्याला. मोठ्यांना उलट बोलू नये."

जामसिंग उंबऱ्यापाशी मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. ललिताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाल्या, "ऊठ, जामसिंग. आत ये."